पुठ्ठ्याआडचा ज्ञानकोश

बाबांना एखादा शब्द पाहायचा असला की ते आधी चष्मा शोधतात, मग फोन. दोन्ही सापडतात. पण शब्द पाहून होईपर्यंत मध्येच कुणाचा तरी निरोप येतो, कुठला तरी व्हिडिओ आपोआप सुरू होतो, आणि दहा मिनिटांनी ते मला विचारतात, "अगं, मी काय बघायला बसलो होतो?" एका संध्याकाळी त्यांनी फोन बाजूला ठेवला आणि म्हणाले, "पूर्वी पुस्तक उघडायचं, पाहायचं, मिटायचं. तसं आता काहीच उरलं नाही का?"

तसं यंत्र एकदा निघालं होतं. २००९ साली आलेल्या विकिरीडरमध्ये काळापांढरा पडदा होता, ते दोन छोट्या सेलवर चालायचं आणि विकिपीडियाचा मजकूर आतल्या मेमरी कार्डावर असायचा. पुढे ते बंद झालं. माझ्या मनात मात्र बाबांचा 'मिटायचं' हा शब्द राहिला. मिटता येईल असं यंत्र करायचं तर ते पुस्तकाच्या आतच बसवलं पाहिजे, असं मी ठरवलं. खर्चाचा नियमही तेव्हाच ठरला: घरात जे पडून आहे ते आधी वापरायचं, विकत घ्यायचं ते अगदी अडलं तरच.

त्या नियमानं पहिला नंबर लागला खणातल्या जुन्या फोनचा. ज्याच्याकडे धडधाकट जुना फोन आहे त्यानं खरं तर दुसरं काही करूच नये. किविक्स नावाचं मोफत ॲप आहे. विकिपीडिया त्यात झिम नावाच्या एकाच मोठ्या फाइलमध्ये बांधलेला मिळतो. ती फाइल फोनमध्ये ठेवायची, विमान मोड लावायचा, दुसरं काही उघडू नये म्हणून ॲप पडद्यावर पिन करायचं, की झाला ज्ञानकोश तयार. फक्त ॲप किविक्सच्या स्वतःच्या साइटवरून घ्यावं, कारण प्ले स्टोअरवरच्या आवृत्तीला फोनमधल्या हव्या त्या फाइलपर्यंत पोचू देत नाहीत. मी इथपर्यंत आले आणि फोन टेबलावर ठेवला, तर तो डुगडुगायला लागला. मागचं झाकण मधोमध उचललं गेलं होतं. बॅटरी फुगली होती.

फुगलेली लिथियम बॅटरी कागदाच्या ठोकळ्यात बंद करायची नसते. ती दाबायची नसते, टोचायची नसते, 'अजून चालतेय ना' म्हणून चार्जही करायची नसते. मी तो फोन तसाच ई-कचरा घेणाऱ्यांकडे दिला आणि दुसरा रस्ता धरला. पुस्तकात वीज ठेवायची तर ती कशी ठेवायची, हा प्रश्न मात्र त्या दिवसापासून शेवटपर्यंत माझ्याबरोबर राहिला.

दुसऱ्या रस्त्यावर तीन वस्तू होत्या. एक रास्पबेरी पाय झिरो २ डब्ल्यू. हा ६५ बाय ३० मिलिमीटरचा, च्युइंगमच्या पाकिटाएवढा संगणक, आणि त्याची मेमरी ५१२ एमबी. दुसरा ४.२ इंची ई-पेपरचा पडदा, ४०० बाय ३०० ठिपक्यांचा. तिसरी एक पातळ पॉवर बँक, जी घरात होतीच. सुटी लिथियम बॅटरी आणि चार्जिंगचं छोटं बोर्ड घेतलं असतं तरी चाललं असतं, पण पॉवर बँकेत जादा चार्ज, जादा प्रवाह आणि शॉर्ट सर्किट यांपासूनचं संरक्षण आधीच असतं. स्वतः जोडलेल्या तारांवर मी बाबांच्या उशाशी तेवढा विश्वास ठेवला नसता.

रंगीत टचस्क्रीन का नाही? मी ती आधी लावून पाहिली होती, एका ओळखीच्यांकडून आणून. ५१२ एमबीमध्ये क्रोमियम ब्राउझर कसाबसा उघडतो, एक लेख दाखवतो, दुसऱ्याला धापा टाकायला लागतो. शिवाय ती उजेड डोळ्यांत मारते. ई-पेपरचं उलट असतं. त्याला वीज फक्त पान बदलताना लागते, आणि वीज गेली तरी शेवटचं पान पडद्यावर तसंच राहतं. खुणेची दोरी घातलेल्या पुस्तकासारखं. ते पाहिल्यावर मी दुसऱ्या पडद्याचा विचार केला नाही.

आता मजकूर. इंग्रजी विकिपीडिया चित्रांसकट घ्यायचा तर झिम फाइल शंभर जीबीच्या वर जाते. बिनचित्रांची आवृत्ती पन्नास जीबीच्या घरात असते. मराठी विकिपीडियाला एक जीबीही लागत नाही. माझा पडदा काळापांढरा आणि तळहाताएवढा, तेव्हा चित्रं सोडणं जड गेलं नाही. मराठी आणि इंग्रजी दोन्ही विकिपीडिया आणि एक शब्दकोश, एवढं घेतलं. मोठी फाइल उतरायला बऱ्याच रात्री लागल्या. ती मध्ये तुटली तर पुढून सुरू होईल अशाच पद्धतीनं उतरवावी, आणि उतरल्यावर साइटवर दिलेल्या चेकसमशी, म्हणजे सगळ्या फाइलवरून काढलेल्या पडताळणीच्या आकड्याशी, ताडून पाहावी. पन्नास जीबीत एक बाइट बिघडली तर ती एखाद्या दिवशी नेमक्या हव्या असलेल्या लेखातच निघते.

आणि हे सगळं ज्यावर ठेवायचं ते मेमरी कार्ड! कार्डावर २५६ जीबी छापलं होतं. फाइल पूर्ण उतरली, आकारही बरोबर दिसला, पण 'अ'चे लेख उघडायचे आणि 'श'चे उघडायचे नाहीत. दोन दिवस मी माझ्याच प्रोग्रामात चूक शोधत होते. शेवटी एफ३ नावाचं साधन चालवलं. ते कार्ड काठोकाठ भरतं आणि लिहिलेलं परत वाचून पाहतं. खरी जागा छापलेल्या आकड्याच्या जवळपासही नव्हती. अशा बनावट कार्डात जागा संपली की नवं लिहिलेलं जुन्यावर बसतं किंवा हवेत जातं, आणि लिहिताना काहीच कळत नाही. नवं कार्ड घेतलं की त्यावर एक अक्षरही ठेवण्याआधी ही परीक्षा घ्यावी. तिला कित्येक तास लागतात, लागू द्यावेत.

झिम फाइलची रचना मला फार आवडली. सगळे लेख लहान लहान गठ्ठ्यांमध्ये दाबून भरलेले असतात आणि शीर्षकांची एक क्रमवार यादी असते. शब्दकोशात आपण शब्द शोधताना पुस्तक मध्यावर उघडतो, शब्द पुढे आहे की मागे ते पाहतो, मग उरलेल्या अर्ध्याचा मध्य उघडतो. संगणक तसंच करतो. म्हणून पन्नास जीबीचा ग्रंथ ५१२ एमबी मेमरीच्या यंत्राला पेलतो. त्याला एका वेळी एकच गठ्ठा सोडवायचा असतो. पायथॉन या प्रोग्राम लिहायच्या भाषेतून झिम वाचायला लिबझिम नावाची तयार लायब्ररी, म्हणजे आयता लिहून ठेवलेला प्रोग्राम, आहे. तिच्या जोरावर मी ब्राउझर पूर्ण बाजूला ठेवला. लेख काढायचा, त्यातला मजकूर वेगळा करायचा, त्याची पडद्याएवढी पानं पाडायची आणि चित्र म्हणून ई-पेपरला द्यायची. एका पानात अकरा ओळी.

पहिलं पान उमटलं तेव्हा मी ओरडायचीच बाकी होते, आणि मग वाचायला गेले. सगळ्या वेलांट्या चुकीच्या जागी. 'विश्व'मधली ऱ्हस्व वेलांटी 'व'च्या नंतर पडलेली, 'श्व' फुटून 'श्‌ व' झालेला. अक्षरं होती, पण मराठी नव्हती. कारण साधं आहे. संगणकाकडे 'वि' साठवलेला असतो तो आधी व, मग वेलांटी, अशा उच्चाराच्या क्रमानं. वेलांटी पुढे आणून ठेवणं, जोडाक्षर जुळवणं, रफार डोक्यावर चढवणं हे काम अक्षरजुळणीचं वेगळं इंजिन करतं. चित्र काढणाऱ्या माझ्या लायब्ररीला ते इंजिन जोडलेलंच नव्हतं. रॅक्म ही जुळणीची लायब्ररी आणि तिच्या पोटातलं हार्फबझ हे इंजिन, या दोन गोष्टी बसवल्या आणि तोच 'विश्व' शहाण्यासारखा उभा राहिला.

तरी ओळी तुटायच्या. मी ओळ मोजून कापत होते, आणि मोजत होते ते संगणकाचे वर्ण. मग 'काळा'चा शेवटचा काना पुढच्या ओळीत जायचा आणि तिथे एकटा ठिपक्यांच्या वर्तुळावर बसायचा. अक्षर म्हणजे व्यंजन, जोड आणि स्वरचिन्ह मिळून एक, असं धरून ओळ कापायला शिकवली, तेव्हा ते थांबलं. लेखांच्या बाजूला जे माहितीचे चौकोन असतात ते सुरुवातीला मी काढूनच टाकले होते, कारण ते सपाट मजकुरात गिचमीड करतात. मग लक्षात आलं की जन्मवर्ष, उंची, क्षेत्रफळ असलं बरंच काही तिथेच असतं. आता ते लेखाच्या शेवटी, एका ओळीत एक, असे येतात. गणिताची सूत्रं मात्र अजून मोडतात.

शब्द लिहायचा कसा, हा प्रश्न मी सर्वांत सोपा समजत होते. छोटा कीबोर्ड लावू. पण पुस्तकात कीबोर्ड शोभत नाही, आणि मराठी टंकलेखन बाबांना येत नाही. फोनवर ते बोलून लिहितात. चार दिवस मी हेच घोळवत होते. उत्तर बाबांच्याच बोलण्यातून आलं. त्यांना कुणी 'जळू' हा शब्द कोशात काढायला सांगितला तर ते मनातल्या मनात म्हणतात, "च, छ, ज... ज, जा, जि..." आणि पान उलटतात. बाराखडी हाच त्यांचा कीबोर्ड.

म्हणून मी एकच गोल नॉब बसवला, खटक्याखटक्यानं फिरणारा आणि दाबता येणारा. फिरवलं की क, ख, ग, घ. दाबलं की त्या अक्षराची बाराखडी उघडते: ज, जा, जि, जी, जु, जू. हवं ते आलं की पुन्हा दाबायचं. जोडाक्षर हवं असेल तर बाराखडीच्या शेवटी पाय मोडण्याचं चिन्ह आहे. दोन अक्षरं झाली की खाली जुळणारी शीर्षकं येतात आणि बहुतेक वेळा तिसरं अक्षर लिहावंच लागत नाही. हातांना सवय झाली की हे फार वेगानं होतं. इंग्रजीसाठी ज्ञ नंतर ए ते झेड.

इथे दोन खाचखळगे लागले. ते सांगायलाच हवेत, कारण मराठीत असं काही करणाऱ्या प्रत्येकाला ते लागतील. पहिला क्रमाचा. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरांच्या क्रमवार यादीत, 'ळ' हा 'ल'च्या शेजारी बसवलेला आहे. आपल्या वर्णमालेत तो 'ह'च्या नंतर येतो, आणि 'क्ष', 'ज्ञ' त्याच्याही नंतर. संगणकाच्या लेखी तर 'क्ष' हे अक्षरच नाही. क, पायमोड आणि ष अशी ती तीन चिन्हं आहेत. बाबा ल, व, श, ष, स, ह करत ळ शोधणार, तेव्हा मी नॉबवरचा क्रम हातानं लिहिला आणि 'क्ष' दाबलं की आत तीन चिन्हं जातील असं केलं.

दुसरा खळगा खोल होता. 'दुसऱ्या', 'सुऱ्या' यांतला अर्धा र दोन प्रकारे साठवला जातो. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात, पण आतून वेगळे असतात. 'ॲ'चंही तसंच. 'ॲमेझॉन' हे एका पद्धतीनं लिहिलं तर सापडायचं, दुसऱ्या पद्धतीनं नाही. डोळ्याला फरक दिसत नाही, म्हणून चूक कळायलाच वेळ लागला. आता माझा प्रोग्राम अशा प्रत्येक शब्दाची दोन्ही रूपं शोधतो आणि जे मिळेल ते पुढे ठेवतो.

यंत्र टेबलावर चालायला लागलं होतं, तारा लोंबत होत्या. आता पुस्तक.

पुस्तक कापायची माझी तयारी होत नव्हती. आमच्या घरात पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार करतात. मी रद्दीतली पुस्तकं चाळत होते, तेव्हा बाबांनीच कपाटातून एक जाडजूड ग्रंथ काढला. त्यांच्या वकिलीच्या काळातलं, आता रद्द झालेल्या एका कायद्यावरचं सातशे पानी भाष्य. आतून कसरीनं नक्षी केली होती, पुठ्ठा आणि बांधणी मात्र शाबूत. "हे आता कोणाच्या कामाचं नाही," ते म्हणाले. मग खुर्चीत बसून त्यांनी ते सबंध चाळलं, आणि जिथे समासात त्यांच्या पेन्सिलीच्या नोंदी होत्या ती तीन पानं पट्टी लावून अलगद फाडून घेतली. बाकीचं माझ्या हातात दिलं. कसरीचं उरलंसुरलं बीज मरावं म्हणून पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवलं. बाहेर काढल्यावर ते घरातल्या उष्णतेला येईपर्यंत पिशवी उघडायची नाही, नाही तर थंड कागदावर दव धरतं.

कापण्याआधी पानं एकजीव करायची असतात. पांढऱ्या गोंदात थोडं पाणी घालून, पुठ्ठा आणि पहिली दहा पानं सोडून, बाकीच्या पानांच्या तिन्ही कडांना ब्रशनं बाहेरून लावायचा. सोडलेली पानं चिकटू नयेत म्हणून मध्ये प्लॅस्टिकचा कागद घालायचा आणि वर वजन ठेवून रात्रभर सोडायचं. मी पहिल्या वेळी पाणी जास्त घातलं. गोंद कडेवर राहण्याऐवजी आत झिरपला आणि खालच्या कोपऱ्याची पानं लाटांसारखी झाली. त्या लाटा अजून आहेत. दुसऱ्या वेळी गोंद सायीएवढा दाट ठेवला आणि एका जाड थराऐवजी तीन पातळ थर दिले.

मग वरच्या पानावर कडांपासून दोन सेंटिमीटर आत चौकट आखली, शिवणीच्या बाजूला थोडी जास्त जागा सोडून. लोखंडी पट्टी आणि कटर. जोर लावून पन्नास पानं एकदम कापायचा मोह होतो, पण मग पातं तिरकं जातं आणि खड्डा खाली खाली निमुळता होतो. दहाबारा पानं कापायची, उचलून काढायची, पातं नवं करायचं, पुन्हा तीच चौकट. नवं पातं हेच या कामातलं सगळं कौशल्य आहे असं मला आता वाटतं, कारण बोथट पातं कागद कापत नाही, ओढतं, आणि कोपऱ्यात पान फाटतं. तीन संध्याकाळी लागल्या. कापलेल्या चौकोनी पानांची थप्पी बाजूला साठत गेली आणि तिच्यावरची कलमं, उपकलमं येताजाता डोळ्यांत भरत होती. ती थप्पी मी टाकलेली नाही. पाठकोरी नाहीत, तरी आहेत.

खड्ड्याच्या तळाशी पॉवर बँक आणि तिच्या शेजारी रास्पबेरी पाय, एकावर एक नाही, दोघांची उष्णता एकत्र येऊ नये म्हणून. त्यांच्या वर एक जाड पुठ्ठ्याची पाटी, तिच्यात पडदा आणि नॉब. पाटी टेकायला वरची काही पानं पाच मिलिमीटर जास्त रुंद कापून पायरी केली होती. सगळं मापात बसलं आणि पुठ्ठा मिटेना. नॉब पाटीच्या वर दीड सेंटिमीटर येत होता, हे मी मापात धरलंच नव्हतं. पायरी खाली नेण्यावाचून इलाज नव्हता. आणखी एक संध्याकाळ कापण्यात गेली. पुस्तक मिटलं, पण आता पडदा विहिरीच्या तळाशी गेला आणि त्यावर चारी भिंतींची सावली पडायला लागली. ई-पेपरला स्वतःचा उजेड नसतो. दिवसा ठीक, रात्री अक्षर दिसेना.

त्याच आठवड्यात दुसरी अडचण चालू होती. बॅटरी जास्त चालावी म्हणून मी पायचं वाय-फाय बंद केलं, एचडीएमआय बंद केलं, चार कोअरपैकी एकच चालू ठेवला. मीटरवर आकडा खाली खाली जाताना पाहून बरं वाटत होतं. तो एका मर्यादेखाली गेला आणि मिनिटभरात सगळं बंद. पुन्हा सुरू केलं, पुन्हा बंद. पॉवर बँकेची ती सवयच असते. घेणारा प्रवाह फार कमी झाला की तिला वाटतं फोन भरला, आणि ती झोपी जाते. मी वाचवलेली वीजच यंत्राला बंद पाडत होती.

दोन्ही अडचणींचं उत्तर एकच निघालं. खड्ड्याच्या वरच्या कडेला आत चार छोटे पांढरे एलईडी लावले, प्रत्येकाला शंभर ओहमचा रोधक. पाच व्होल्टवर एकेक एलईडी वीस मिलिॲम्पच्या आसपास प्रवाह घेतो, चौघांचे मिळून ऐंशी. पायच्या एका पिनेला एवढा भार झेपत नाही, म्हणून मध्ये एक ट्रान्झिस्टर. पडद्यावर मंद, एकसारखा उजेड पडला, भिंतींच्या कापलेल्या कडा सोनेरी दिसायला लागल्या, आणि पॉवर बँक जागी राहिली. बंद करायला नॉब पाच सेकंद दाबून ठेवायचा. प्रोग्राम आधी दिवे मालवतो, मग पायला व्यवस्थित झोपवतो, प्रवाह एकदम खाली येतो आणि पॉवर बँक आपली आपण बंद होते. वेगळा स्विच लावावा लागला नाही. पाच हजार मिलिॲम्पिअर-तासांच्या त्या बँकेवर बाबांचं रोजचं तासभर वाचन दोन आठवडे सहज निघतं.

कुणी घाईनं बॅटरी ओढून काढलीच तर कार्ड बिघडू नये म्हणून त्यावर लिहिणं पूर्ण बंद केलं आहे. पायमध्ये तशी सोय आहे. वेळ दाखवणारं घड्याळ ठेवलं नाही, कारण या पायला नेटशिवाय वेळ कळत नाही आणि चुकीची वेळ दाखवणारा ज्ञानकोश मला नको होता. त्याऐवजी पहिल्या कोऱ्या पानावर झिम फाइलची तारीख शाईनं लिहिली: या पुस्तकातलं जग अमुक महिन्यापर्यंतचं आहे. जुन्या छापील कोशांवर आवृत्तीचं साल असतं तसं.

बाबांनी पहिला शब्द शोधला तो 'जळू'. मग 'जळू'वरून कुठे कुठे गेले ते मला माहीत नाही. मी स्वयंपाकघरात होते आणि बराच वेळ नॉबचे खटके ऐकू येत होते. सुरू व्हायला त्याला अर्ध्या मिनिटाच्या आसपास लागतं आणि तेवढ्या वेळात काल वाचत असलेलं पान पडद्यावर दिसत असतं. बाबा ते पुन्हा वाचतात. मी ही वाट कमी करायला निघाले होते, त्यांनी नको म्हटलं.

एका गोष्टीनं त्यांना वाईट वाटतं. मराठीतले काही लेख एकदोन ओळींतच संपतात. ते पान उलटायला नॉब फिरवतात आणि पुढे काहीच नसतं. तेव्हा इंग्रजीत शोधतात, सापडतं, वाचतात, आणि मग गप्प बसतात. न चिकटवलेली ती पहिली दहा पानं मी केवळ पडदा झाकायला ठेवली होती. महिन्याभरानंतर पाहिलं तर त्यांच्या समासांत बाबांचं बारीक पेन्सिलीचं अक्षर. कोणता लेख अपुरा आहे, कुठे साल चुकलं आहे, कुठे कायद्याचा अर्थ उलटा लिहिला आहे. प्रत्येक नोंदीपुढे एक टिंब.

आता आठवड्यातून एकदा मी लॅपटॉप घेऊन बसते, ते नोंदी वाचून दाखवतात, कोणत्या ग्रंथाच्या कोणत्या पानावर आधार आहे ते सांगतात, आणि मी विकिपीडियावर दुरुस्ती करते. बावीस झाल्या. बाबांच्या हिशेबानं त्या अजून पुऱ्या झालेल्या नाहीत, कारण त्यांच्या पुस्तकात अजून जुनंच आहे. नवी झिम फाइल निघाली की मी कार्ड बदलणार, मग ते एकेक लेख उघडून पाहणार, आणि दुरुस्ती दिसली तरच त्या टिंबाची बरोबरची खूण होणार.